वनिता, मी सासूबाईंना सांगितलं

रागवायचं असेल तर आत्ताच रागावून घे. पुढचं ऐकून आणखी चिडशील, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. तू माझ्याकडून जे वचन घेतलं होतंस, ते मी तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मोडलं. चुकून नाही, बोलता बोलता निसटलं असंही नाही. तुमच्याच अंगणात, भर दिवसा, पूर्ण शुद्धीत मोडलं. आणि मी माफी मागणार नाही.

तीन आठवडे झाले तुला जाऊन. दुपारची पिशवी आटोपल्यावर तू भिंतीला टेकून बसलीस, छातीत दुखतंय म्हणालीस, आणि गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं, एवढंच तुझ्या नवऱ्याने, महेंद्रने, फोनवर सांगितलं. तुझं हृदय थकलं होतं हे तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी इथे चंद्रपुरात ज्याला ज्याला कळलं, त्याने मला आधी हेच विचारलं, की पुन्हा पोटात इन्फेक्शन झालं होतं का. नव्हतं झालं. तुझ्या सासूबाईंनी तुझी शेवटची पिशवी, मी येईपर्यंत, मला दाखवायला म्हणून झाकून ठेवली होती. पाणी स्वच्छ होतं. मी ती पिशवी उजेडात धरून दोनदा पाहिली आणि मग तिथेच बसून रडले.

आपली पहिली भेट भांडणाची. धानोऱ्याच्या पलीकडच्या तुमच्या गावाहून तू आठवड्यातून तीनदा बस धरून गडचिरोलीला मशीनवर रक्त धुवायला जायचीस. कोणीतरी तुला सांगितलं, की पोटात नळी बसवून घेतली तर हेच काम घरच्या घरी होतं. पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी ते उतरवायचं आणि नवं भरायचं. तू चंद्रपुरात आमच्या दवाखान्यात आलीस, नळीच्या पेशंटांना शिकवणारी नर्स मी, माझ्या टेबलासमोर बसलीस, आणि मी तोंड उघडायच्या आत मला विचारलंस, "हे आधी काऊन नाई सांगितलं कोनी? माही दोन वर्सं बसस्टँडवर गेली." मी म्हटलं, अगं, मी तुला आज पहिल्यांदा बघतेय. तर म्हणालीस, जी समोर सापडली तिलाच विचारणार ना. तू गावच्या ग्रामसभेची सचिव आहेस, हे मला नंतर कळलं. तेंदूपानाच्या व्यापाऱ्यांना ओळ न् ओळ वाचायला लावून सही करून घेणारी बाई माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिला हात कसे धुवायचे ते शिकवत होते.

शिकलीस मात्र भराभर. मास्क, हात, नळीच्या टोकाला बोट न लावणं, जुनं पाणी उतरवणं, नवं भरणं. दिवसातून चार वेळा, दरवेळी अर्धा तास. मग मी तुमचं घर बघायला आले. आतली खोली निवडली, धानाची पोती बाहेर काढायला लावली, छताखाली मेणकापड ताणून घेतलं, खिडकी बंद ठेवायला सांगितली. सासूबाई दारात उभ्या राहून सगळं मन लावून ऐकत होत्या. निघताना मी त्यांना म्हटलं, "बाई, खोली रोज एकदम स्वच्छ पाहिजे." एवढंच म्हटलं. स्वच्छ म्हणजे काय, ते सांगायची मला गरजच वाटली नाही.

महिन्याभराने पुन्हा आले. दुपारची वेळ. खोलीची जमीन शेणाने सारवून छान वाळलेली, कडेने पांढऱ्या मातीचा पट्टा ओढलेला. मी भद्रावतीच्या कॉलनीत सिमेंटच्या जमिनीवर वाढले, पण सुट्टीत चिमूरकडे मावशीच्या घरी जायची, तिथे अशीच जमीन असायची आणि मला तिच्यावर लोळायला फार आवडायचं. मी सासूबाईंना म्हटलं, किती सुंदर ठेवलीय हो खोली, अशीच ठेवत जा. त्या लाजल्या. आणि सकाळी एकदा सारवत होत्या, त्या दिवसापासून संध्याकाळीही सारवू लागल्या. वीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सने, पोटात नळी असलेल्या बाईच्या खोलीतल्या शेणाला शाबासकी दिली. डोळे उघडे होते, नाक उघडं होतं, डोकं तेवढं मावशीच्या घरी ठेवून आले होते.

ते सुरुवातीचे महिने मात्र किती चांगले गेले तुझे. एकदा मी घरी आलेली असताना तेंदूपानाच्या व्यापाऱ्याचा माणूस दुचाकीवरून आला आणि ओसरीतून घाई करू लागला, सहीचं काय ते लवकर उरका म्हणून. तू आत पिशवी लटकवून बसलेली. मास्कमधूनच त्याला सांगितलंस, पोटातलं पाणी उतरतंय, बसा. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो अर्धा तास मुकाट बसला. बाहेर येऊन तू त्याचा कागद वाचलास, दोन ओळींवर काट मारलीस आणि परत दिलास. मला डोळा मारून म्हणालीस, बसवून ठेवलेला माणूस जरा नरम येतो. मी ही युक्ती तेव्हापासून आमच्या औषधवाल्यांवर वापरते.

मग एका सकाळी पिशवीतलं पाणी भाताच्या पेजेसारखं गढूळ उतरलं. पोटात कळा, अंगात ताप. असं पाणी आलं की लगेच निघायचं, हे तुला पाठ होतं, पिशवीसकट तू दुपारपर्यंत चंद्रपुरात पोचलीस. नेहमीची औषधं पिशवीतून दिली, चार दिवसांत पाणी साफ. आम्ही खूश. औषध थांबवून तीन आठवडे झाले नसतील, तोच पुन्हा तेच. प्रयोगशाळा म्हणाली, पाण्यातून कोणताही जंतू उगवला नाही. तिसऱ्यांदा तू आलीस तेव्हा रिपोर्टात लिहून आलं, की कातडीवरचे साधे जंतू दिसतात, नमुना घेताना मिसळले असावेत. डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि तुझ्यासमोरच मला म्हणाले, हिचे हात नीट धुतले जात नसतील.

तू पोट धरून उठलीस, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेलीस आणि त्यांच्यासमोर हात धुतलेस. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठे, मनगटं, सगळं, जितका वेळ लागतो तितका. अंगात ताप होता तुझ्या. डॉक्टर उभे राहून बघत होते, जाताही येईना त्यांना. पुसून झाल्यावर म्हणालीस, "हात माहे बराबर हायेत. दुसरं पाहा." मी त्या क्षणी तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं. मी खाली बघत उभी राहिले. तेही आज कबूल करून टाकते.

तू म्हणालीस म्हणून, खरंच तेवढ्यासाठीच, मी खाली प्रयोगशाळेत जाऊन तिथल्या बाईंना गळ घातली, की या वेळी जंतू वाढवायची ताटली फेकू नका, आणखी काही दिवस ठेवा. त्यांनी ठेवली. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. त्या साध्या वाटणाऱ्या जंतूंच्या ठिपक्यांवर गुलाबी रंग चढला होता. कातडीवरचे जंतू असे रंग बदलत नाहीत. रोडोकॉकस त्याचं नाव. गुराढोरांच्या शेणात, गोठ्याच्या मातीत राहणारा. धडधाकट माणसाच्या सहसा वाटेला जात नाही, आणि पोटाच्या डायलिसिसवाल्यांत तर इतका विरळ, की बाईंनी तो पहिल्यांदाच पाहिला होता. आमच्या नेहमीच्या औषधाने तो नुसता दबत होता, मरत नव्हता. बाईंनी विचारलं, ही पेशंट गोठ्यात जाते का? मी तुला विचारलं. तू म्हणालीस, नळी बसल्यापासून गोठ्याचं तोंड पाहिलेलं नाही. मग शेण आलं कुठून, असा विचार करत मी चहा घेत होते, आणि तुमची ती पांढऱ्या पट्ट्याची जमीन डोळ्यांसमोर उभी राहिली. चहा तसाच राहिला.

सासूबाई शेतावर गेल्याचं बघून महेंद्रने कोपऱ्यातली जमीन थोडी खरवडली आणि डबीत घालून आणली. तिच्यातही तेच गुलाबी ठिपके. उतरलेल्या पाण्याची पिशवी तू त्याच जमिनीवर ठेवायचीस, आणि वाळलेल्या सारवणाची धूळ खोलीत उडतच असणार.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी तुला हे सांगितलं. माझी शाबासकीही सांगितली. वाटलं होतं, मला फाडून खाशील. तू म्हणालीस, "सासूबाईले नका सांगू." मी म्हटलं, सांगावंच लागेल, नाहीतर थांबणार कसं? त्यावर तू जे बोललीस ते मला शब्द न् शब्द आठवतं. "माहं नाव लिहा, गाव लिहा, जंतू लिहा. पन हे सारवनाचं गावात नाई गेलं पायजे. लोक म्हंतीन, सासूनं सुनेले मारलं. अन् ते बाई हात तोडून फेकन आपले." मी वाद घातला. दुसऱ्या पेशंटांचं काय, म्हटलं. तर म्हणालीस, त्यांना सांगायला मी माणूस शोधावा, त्याने सासूबाईंचं नाव न घेता सांगावं. माझा हात घट्ट धरून माझ्याकडून वचन घेतलंस. प्रत्येक गोष्ट कागदावर आणणारी तू, ही एक गोष्ट मात्र कुठेच लिहायची नाही म्हणालीस.

मग नळी काढण्यावरून पुन्हा जुंपली. हा जंतू नळीला चिकटून राहतो, नळी काढल्याशिवाय जायचा नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. नळी गेली म्हणजे पुन्हा बसस्टँड, असं तुझं म्हणणं, आणि तेही बरोबर होतं. मी डॉक्टरांच्या बाजूने बोलले तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. नळी निघाली. कित्येक महिने दोन प्रकारच्या गोळ्या. त्यातल्या एकीने घाम केशरी, डोळ्यांतलं पाणीही केशरी. ओढणी पुढे करून मला दाखवायचीस आणि सांगायचीस, रडायचीही सोय राहिली नाही, लगेच डाग पडतो. बसमध्ये उलट्या करत तू मशीनवर जात राहिलीस, आणि पोट पूर्ण बरं झाल्यावर परत येऊन म्हणालीस, आता दुसरी नळी बसवा. डॉक्टर नाही म्हणाले. तू तीनदा आलीस. तिसऱ्या वेळी ते हो म्हणाले. त्यांना तू पटवलंस की दमवलंस, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या नळीवर तू दोन वर्षांहून जास्त जगलीस. घरी, आपल्या माणसांत, ग्रामसभेच्या सतरंजीवर बसून. एकदाही पाणी गढूळ झालं नाही. आतल्या खोलीत जाड प्लास्टिक अंथरलं, आणि सासूबाईंना तू थाप मारलीस की सरकारचा नियम आहे. त्या कुरकुरल्या. सरकारला काय कळतं, प्लास्टिकवर का कोणी आजारी माणसाला बसवतं, असं मला प्रत्येक भेटीत ऐकवायच्या. मी मान हलवायची. आपण दोघी त्यांच्यासमोर काय सराईतपणे खोटं बोलायचो.

तू गेल्यावर आठवड्याने आमच्याकडे बैठक झाली. नव्या पेशंटांच्या अर्जात घर पक्कं की कच्चं असा रकाना घालायचा, आणि मातीची जमीन असेल तिथे पोटाचं डायलिसिस द्यायचंच नाही, असं डॉक्टरांनी मांडलं. उदाहरण कोणाचं, तर तुझं. ती धानोऱ्याची केस, म्हणाले. त्या वेळी टेबलावर अर्ज होता तुमच्याच गावच्या दुसऱ्या टोलीतल्या, पलीकडच्या वस्तीतल्या, कमलचा. मशीनवर घ्यायला तिच्या हातात धड नस उरलेली नाही. तिला नळी नाकारणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

मी उभी राहिले. या वेळी खाली बघितलं नाही. म्हटलं, "घर नापास करू नका, माझं वाक्य नापास करा. मी स्वच्छ ठेवा म्हणाले आणि त्यांनी ठेवलं. त्यांच्याकडे स्वच्छ म्हणजे सारवलेलं. विचारायचं काम माझं होतं." मी पुढे म्हटलं, त्याच घरात ती पुढे दोन वर्षं जगली, तेही उदाहरणच आहे. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, लेखी द्या, आणि कमलच्या घरावर रोज लक्ष कोण ठेवणार त्या माणसाचं नाव द्या. मला दोनच नावं सुचली. त्यातलं एक तुझं होतं.

म्हणून मी तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले. सासूबाई घरी नव्हत्या. थोड्या वेळाने आल्या, कोपरापर्यंत हात शेणाने माखलेले. तेरवीला कमल आली होती, तिला नळी बसणार असं त्यांना कळलं, तर त्या सकाळीच तिच्या घरी जाऊन खोली सारवून आल्या होत्या. "आपल्या वनितीची होती न सुरवातीले, तशीच करून देल्ली," म्हणाल्या. "थे प्लास्टिक-फ्लास्टिक नाई टाकू देनार मी." तू गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी होती.

आता सांग, मी काय करायला हवं होतं? आणखी एक सरकारी नियम काढायला हवा होता? आपण मारलेल्या थापेतूनच तर हे उगवलं होतं. खरं कारण माहीत नसलेली बाई तुझी आठवण म्हणून तीच जमीन दुसऱ्या घरात करून आली होती. मी त्यांना अंगणात बाजेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. माझं वाक्य, माझी शाबासकी, गुलाबी ठिपके, डबीतली माती, तुझं वचन. एकही गोष्ट मऊ केली नाही.

त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. शेण वाळून तडकायला लागलं होतं. मला तुझे शब्द आठवले आणि भीती वाटली. मग त्या म्हणाल्या, "तवाच काऊन नाई सांगितलं?" मी म्हटलं, वनिताने वचन घेतलं होतं. "थे तं माही पोरगी होती, तिनं माह्यासाठी केलं. तुमी सिस्टर होत्या न?" त्या उठल्या, हापशीवर गेल्या आणि हात धुवायला लागल्या, तू शिकवलेस तसे, बेचक्या, नखं, अंगठे. धुता धुता रडल्या. मी हापसत होते, मीही रडत होते. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, चला.

कमलच्या ओसरीत चारपाच बाया बसलेल्या. सासूबाईंनी बसायच्या आत सांगून टाकलं, की या जमिनीतून वनिताला जंतू लागला होता, आणि जमीन मी सारवली होती. एक बाई दुसरीच्या कानाशी लागली, म्हणजे सासूनंच की. तुला ज्याची भीती होती ते हेच, वनिता, अगदी हेच, माझ्यादेखत घडलं. सासूबाई तिच्याकडे वळल्या. "हो, माह्याच हातानं झालं. मले माहीत नव्हतं. आता मालूम हाय. आता या खोलीत कोनी शेन आनलं तं माह्याशी गाठ हाय." सासूबाईंनी खुरपं मागून घेतलं, तोंडाला पदर बांधला आणि सकाळी स्वतः सारवलेली जमीन खरवडायला बसल्या. तिथे कोबा घालायचं महेंद्रने अंगावर घेतलं आहे. तो वाळेपर्यंत नळी नाही.

मी डॉक्टरांना सगळं लेखी दिलं, ताजी सारवलेली खोलीही लपवली नाही. लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या रकान्यात सासूबाईंचं नाव घातलं. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली. कच्च्या घराचा रकाना अजून अर्जावर आहे. त्याच्याशी मी पुढच्या बैठकीत भांडणार आहे, आणि तू शेजारी नसशील याचा मला फार राग येतो.

तुझी मी ऋणी आहे, आणि तरीही सांगते, यात तू चुकलीस. व्यापाऱ्यांना ओळखलंस, डॉक्टरांना ओळखलंस, मला तर पहिल्या दिवशीच ओळखलंस. पंधरा वर्षं एका चुलीवर जेवलेल्या बाईला तेवढी ओळखली नाहीस. तू तिला जपत राहिलीस. खरं ऐकून उभं राहायची ताकद तिच्यात होती, आणि ती तिने तुझ्यासमोर दाखवावी, ही संधी आपण दोघींनी मिळून तिच्याकडून काढून घेतली.

कमलच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. त्यानंतर तिच्या घरी पहिली पिशवी चढेल तेव्हा सासूबाई तिथे असतील. पुढच्या गावांनाही त्या माझ्याबरोबर येणार आहेत. तसं त्यांनी मला विचारलेलं नाही, सांगितलं आहे.